एसएटीचा स्कोअर पाठवू की नको? वाचकांचे प्रश्न

गणपती झाले की पुण्यात अमेरिकेच्या ॲप्लिकेशन्सची गडबड सुरू होते, १ नोव्हेंबरच्या अर्ली डेडलाइन्स तोंडावर आलेल्या असतात, आणि या दिवसांत येणाऱ्या मेल्समध्ये एरवी निबंधांबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त असतात. यंदा तसं नाहीये. यंदा बहुतेकांनी एकच विचारलंय, एसएटीचा (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीच्या, १६०० मार्कांच्या परीक्षेचा) स्कोअर हातात आलाय, तो कॉलेजला दाखवायचा की नाही. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यावरच. पत्रं थोडी कापून छापलीयेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड, डेक्कनच्या बाजूचं ज्युनिअर कॉलेज. एसएटीला १३९० आले, मॅथ्स ७३० आणि रीडिंग-रायटिंग ६६०. तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. लिस्टमध्ये पर्ड्यू, यूसी सॅन डिएगो, यूसी डेव्हिस, यूमास ॲमहर्स्ट आणि आणखी चार कॉलेजं आहेत, ती चारही टेस्ट ऑप्शनल आहेत, म्हणजे स्कोअर दिला नाही तरी चालतो, असं त्यांच्या साइटवर दिसतंय. क्लासचे सर म्हणतात १५०० च्या खाली असेल तर कुठेच पाठवू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणतात, नाही पाठवला की ते समजूनच जातात कमी आलाय म्हणून. आणि आमचे हे म्हणतात एवढे पैसे भरलेत तर सगळीकडे पाठव. मुलगी रडकुंडीला आलीये. काय करू? (एक आई, कोथरूड)

उत्तर: पहिल्यांदा मुलीला सांगा की १३९० म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांच्या पुढे. रडण्यासारखं काही झालेलं नाही. आता तिच्यासोबत बसा आणि लिस्ट घ्या, कारण हा निर्णय एकदाच सगळ्यांसाठी घ्यायचाच नसतो, तो एकेका कॉलेजपुरता घ्यायचा असतो आणि क्लासचे सर, ग्रुप आणि तुमचे हे, तिघंही तिथेच गडबड करतायत असं मला वाटतं.

आठातल्या तीन ठिकाणी तर तुमच्या हातात निर्णयच नाहीये. पर्ड्यू स्कोअर मागतंच, तिथे पाठवायचा, विषय संपला. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, दोन्ही कॅम्पस टेस्ट ब्लाइंड आहेत, म्हणजे तुम्ही पाठवलात तरी ॲडमिशनसाठी तो बघतच नाहीत, १६०० असला तरी नाही. यूसीनं हा निर्णय २०२० आणि २०२१ मध्ये घेतला आणि त्यांच्या नऊच्या नऊ अंडरग्रॅड कॅम्पसना तो लागू आहे, तेव्हा त्या दोन ॲप्लिकेशन्समध्ये जो काही जोर लावायचाय तो त्यांच्या छोट्या निबंधांवर लावा. राहिली पाच, यूमास आणि ती बाकीची चार. प्रश्न फक्त या पाचांचा आहे, हे एकदा कळलं की निम्मं टेन्शन जातं.

१५०० हा आकडा कुठून आला? हार्वर्ड, एमआयटीसारख्या ठिकाणी ॲडमिशन मिळालेल्या बहुतेक मुलांचे स्कोअर १५०० च्या वर असतात, त्यावरून तो नियम झाला आणि मग सरसकट सगळ्या कॉलेजांना लावला जातो. तुमच्या लिस्टमधल्या कॉलेजांचे आकडे वेगळे आहेत आणि ते उघड आहेत, कुणाला विचारायची गरज नाही. गूगलवर कॉलेजचं नाव टाकून पुढे कॉमन डेटा सेट असं लिहा, एक लांबलचक पीडीएफ येईल, त्यात सी९ नावाचा भाग शोधा. तिथे आदल्या वर्षी आलेल्या मुलांचा २५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली पाव मुलं होती), मधला आणि ७५ वा असे आकडे दिलेले असतात, आणि त्याच्याच वर अजून एक आकडा असतो ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो म्हणजे किती टक्के मुलांनी स्कोअर पाठवला होता. हा दुसरा आकडा बघितल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. समजा एका कॉलेजात २५ वा १३५०, मधला १४३० आणि ७५ वा १५०० आहे, आणि स्कोअर पाठवणारी मुलं फक्त ३० टक्के. म्हणजे ज्यांना भरपूर मार्क होते त्यांनीच पाठवले आणि बाकीच्यांनी, ज्यांचे बहुतेक कमी असणार, त्यांनी नाही पाठवले, आणि तरी त्यांना ॲडमिशन मिळाली. मग त्या वर्गाचा खरा मधला आकडा १४३० च्या खालीच असणार ना. टेस्ट ऑप्शनल झाल्यापासून हे आकडे असे फुगलेत आणि पोरं दरवर्षी ते बघून घाबरतात आणि चांगले स्कोअर घरी ठेवतात, मग पुढच्या वर्षी आकडे आणखी फुगतात.

आता मुख्य गोष्ट, जी मला तुमच्या मुलीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती स्टेट बोर्डाची आहे. नोव्हेंबर-जानेवारीत ॲप्लिकेशन जाणार आणि बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, रिझल्ट मे महिन्यात. म्हणजे तिकडे बसलेल्या माणसाच्या हातात काय असणार, दहावीचे बोर्डाचे मार्क, ते पण बेस्ट ऑफ फाइव्ह धरून, आणि अकरावीचे कॉलेजने स्वतः काढलेल्या पेपरचे मार्क. अकरावीचा आपल्याकडे काय हिशोब असतो ते तुम्हालाही माहितीये, कुठे पेपर मुद्दाम कडक काढतात, कुठे सगळ्यांना पास करून टाकतात, निम्मी मुलं इंटिग्रेटेड क्लासला असतात आणि कॉलेजात फक्त परीक्षेपुरती उगवतात. तुमच्या मुलीचे समजा ८२ टक्के, ते दुसरीकडच्या ९५ पेक्षा भारी असू शकतात पण अमेरिकेत बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) शाळेतून गेलेल्या मुलाचं तसं नसतं, ते मार्क जगभर सारखे, त्या शाळेतून आधी मुलं गेलेली असतात, तिथला काउन्सेलर पानभर माहिती पाठवतो. बाजारात ज्याची पत सगळ्यांना माहितीये त्याला जामीन लागत नाही, नव्या माणसाला लागतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी एसएटी हा तो जामीन आहे. म्हणून जो १३९० आयबीवाल्यानं एखाद्या कॉलेजला पाठवू नये असं मी म्हणेन, तोच तुमच्या मुलीनं त्याच कॉलेजला पाठवावा असं मी म्हणेन, आणि हे मी विचार करून म्हणतेय.

मग पाच कॉलेजांचं काय करायचं. प्रत्येकाचा सी९ काढा. १३९० मधल्या आकड्याच्या आसपास किंवा वर असेल तर पाठवा, विचारसुद्धा करू नका. २५ व्या आणि मधल्याच्या मध्ये असेल तरी माझ्या मते पाठवा, वर सांगितलेल्या कारणासाठी. २५ व्याच्या खाली असेल तर नका पाठवू. यात एक पोटप्रश्न आहे, तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय आणि बऱ्याच ठिकाणी त्याची ॲडमिशन बाकी कॉलेजपेक्षा खूप कठीण असते, तिथे मॅथ्सचा आकडा वेगळा बघतात, सी९ मध्ये मॅथ्सचे पर्सेंटाइल वेगळे दिलेले असतात ते बघा. ७३० चांगले आहेत पण भारतातून अर्ज करणाऱ्या मुलांचे मॅथ्स एरवीच चांगले असतात, त्यामुळे जिथे मॅथ्सचा २५ वाच ७५० च्या पुढे असेल तिथे पाठवून फायदा नाही. एखाद-दोन ठिकाणी असं निघेल, निघू दे.

ग्रुपवरचं म्हणणं, नाही पाठवला की ते समजून जातात. टेस्ट ऑप्शनल कॉलेज स्कोअर नसलेल्या फाइलवर शून्य टाकत नाही. पण त्या जागी दुसरं काही नसतं तेव्हा बाकीच्या कागदांवर जास्त भार येतो, एवढं नक्की. तिच्याकडे ऑलिम्पियाड, एखादा खरा प्रोजेक्ट, तिला नीट ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र असं काही असेल तर भार पेलला जातो. फक्त दहावीचे मार्क असतील तर नाही, कारण दहावीला ९५ टक्के मिळालेली मुलं महाराष्ट्रात खूप आहेत.

आणि पैशाबद्दल, तुमच्या यांना सांगा की खूप कॉलेजं आता विद्यार्थ्यानं स्वतः फॉर्ममध्ये भरलेला स्कोअर चालवून घेतात, अधिकृत रिपोर्ट ॲडमिशन पक्की झाल्यावर मागतात. तेव्हा पैसे वसूल करायला म्हणून पाठवण्यात अर्थ नाही. कॉमन ॲपमध्ये (एकच फॉर्म भरून तो बऱ्याच कॉलेजांना पाठवायची साइट) मात्र नीट लक्ष द्या: टेस्टिंगच्या पानावर स्कोअर भरला की तो पुढे सबमिट केलेल्या प्रत्येक कॉलेजकडे जातो. ज्यांना नाही दाखवायचा त्यांचा फॉर्म पाठवायच्या आधी तिथून काढायचा आणि नंतर परत घालायचा, हे चालतं. शिवाय प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांमध्ये तुमचा स्कोअर विचारात घ्यावा का असं वेगळं विचारलेलं असतं, दोन्हीकडे उत्तर एकच हवं.

प्रश्न: मी सीबीएसई बारावीत आहे. १५१० आहेत, मॅथ्स ७९०, इंग्लिश ७२०. सगळे म्हणतायत १५५० झाले तर टॉप २० साठी सेफ. डिसेंबरमध्ये परत देऊ का? जानेवारीत जेईई मेन पण आहे. (निगडी)

उत्तर: नको देऊस. तीच तयारी घेऊन तीच परीक्षा परत दिली तरी ३०-४० मार्क इकडचे तिकडे होतात, ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड स्वतःच स्कोअर रिपोर्टवर एका आकड्याऐवजी शेजारी एक रेंज दाखवतं ते त्यासाठीच. १५१० वाचणारा आणि १५५० वाचणारा माणूस त्यावरून दोन वेगळे निष्कर्ष काढत नाही. १५१० सगळीकडे पाठव आणि ते चार शनिवार-रविवार निबंधांना दे. तू पत्रात निबंधांबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस, त्यामुळे मला तीच काळजी वाटतेय. आणि टॉप २० साठी सेफ असा कुठलाच स्कोअर नसतो रे, १६०० वाल्यांनाही तिथे नकार येतात.

प्रश्न: ताई मी मूळची आंबेगाव तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पुण्यात हॉस्टेलला राहून बारावी करते. शाळेतल्या एका सरांनी अमेरिकेतल्या फुल स्कॉलरशिपबद्दल सांगितलं म्हणून क्लास न लावता एसएटी दिली, मॅथ्स ७०० आले पण इंग्लिश ४८०. एकूण ११८०. घरची परिस्थिती अशी की पूर्ण मदत मिळाली तरच जाता येईल. पाठवू का? की विषयच सोडून देऊ? फक्त मॅथ्सचा पाठवता येतो का? (पत्त्यात फक्त पुणे लिहिलंय)

उत्तर: विषय सोडून देऊ नकोस. पण तुला खरं तेच सांगते, गोड बोलून तुझा फायदा नाही.

७०० मॅथ्स हे तू कुठल्या क्लासशिवाय, दुसऱ्या भाषेतले प्रश्न वाचून मिळवलेस ही मोठी गोष्ट आहे आणि ती वाचणाऱ्याला दिसते. अमेरिकन कॉलेजं स्कोअर नुसता बघत नाहीत, तो कुठून आलाय ते बघतात, शाळा कुठली, घरात कोण शिकलंय, गाव कुठलं. डार्टमथ कॉलेजनं २०२४ मध्ये स्कोअर परत सक्तीचे केले तेव्हा आधी त्यांच्याच प्राध्यापकांकडून अभ्यास करून घेतला होता, आणि त्यात असं निघालं की कमी साधनं असलेली मुलं असे स्कोअर लपवत होती की जे पाठवले असते तर त्यांना मदतच झाली असती. त्यात १४०० च्या आसपासच्या स्कोअरची चर्चा होती, ११८० ची नाही, हे पण लक्षात घे. तुझ्या बाबतीत अडचण एकूण आकड्याची नाहीये, ४८० ची आहे. चार वर्षं इंग्रजीत शिकायचं, पहिल्याच टर्ममध्ये शंभर-शंभर पानं वाचायची, तर ही मुलगी तिथे टिकेल का एवढाच प्रश्न तो आकडा बघून त्यांच्या मनात येईल. आणि पूर्ण मदत देणाऱ्या कॉलेजांमध्ये स्पर्धा इतकी आहे की मनात शंका राहिली की ते दुसरी फाइल उघडतात.

म्हणून आत्ताचा ४८० टेस्ट ऑप्शनल कॉलेजांना पाठवू नकोस. फक्त मॅथ्सचा पाठवता येतो का असं तू शेवटी विचारलंयस, नाही येत, एका तारखेचे दोन्ही भाग एकत्रच जातात. पण परत दे, कारण तुझ्या बाबतीत परत देण्यात खरंच अर्थ आहे. डिजिटल झाल्यापासून, म्हणजे आपल्याकडे २०२३ च्या मार्चपासून, इंग्रजीचे उतारे छोटे झालेत, २५ ते १५० शब्दांचा एक उतारा आणि त्यावर एकच प्रश्न, असे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत. त्यातला जवळपास चौथा भाग शुद्ध व्याकरणाचा आहे, स्वल्पविराम कुठे, क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, आणि तुम्ही मराठी मीडियमच्या मुली व्याकरण नियमानं शिकलेल्या असता, इंग्लिश मीडियमच्या मुलांपेक्षा ते तुम्हाला लवकर जमतं हे मी बऱ्याचदा बघितलंय. अजून एक, हा पेपर दोन भागांत, म्हणजे मॉड्यूलमध्ये असतो, पहिला मॉड्यूल नीट गेला तरच दुसरा अवघड मॉड्यूल येतो आणि वरचे मार्क त्या अवघड मॉड्यूलमध्येच असतात, म्हणून पहिल्या २७ प्रश्नांत घाई करायची नाही. खान अकॅडमीवर सगळं फुकट आहे आणि एसएटीच्याच ब्लूबुक ॲपमध्ये पूर्ण सराव परीक्षा आहेत, त्यासाठी कुणाला एक रुपया देऊ नकोस. हॉस्टेलवर लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांना विचार, नाही म्हणणार नाहीत. इंग्रजी ५८०-६०० पर्यंत आलं तर एकूण १३०० च्या आसपास जाईल आणि तुझी गोष्ट आणि तो आकडा मिळून चांगली फाइल होते, मग पाठव.

आता मदतीबद्दल. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता ॲडमिशन देणारी आणि वर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट कॉलेज (यूमास ॲमहर्स्ट नव्हे), बोडन अशी. त्यातल्या हार्वर्ड, एमआयटीला स्कोअर द्यावाच लागतो. डार्टमथ परदेशी शाळांतल्या मुलांकडून एसएटीऐवजी आयबी, ए-लेव्हलसारख्या परीक्षांचे निकालही चालवून घेतं. येलला एसएटी, एसीटी, एपी, आयबी यांपैकी कुठल्यातरी परीक्षेचे मार्क लागतात. बोडन मात्र १९६९ पासून टेस्ट ऑप्शनल आहे, महामारीच्या कितीतरी आधीपासून, तिथे स्कोअर न देणं ही नेहमीची गोष्ट आहे, ते तुझ्या लिस्टमध्ये घाल. इतर लहान कॉलेजं पण मदत देतात पण तिथे किती मदत मागतेस ते बघून निर्णय होतो, कॉमन डेटा सेटच्या एच६ भागात आदल्या वर्षी किती परदेशी मुलांना सरासरी किती मदत दिली ते लिहिलेलं असतं, ते बघूनच लिस्ट कर. फी माफीचा अर्ज कॉमन ॲपमध्येच असतो, तो भरायला लाजू नकोस.

टोफेल किंवा ड्युओलिंगोची इंग्रजीची परीक्षा वेगळी, ती तुला बहुतेक ठिकाणी लागेलच, स्कोअर पाठव किंवा नको पाठवूस. तिथे बोलणं-ऐकणंही असतं, आणि तुझं पत्र वाचून मला वाटतं तुला ते जमेल. यंदा नाही झालं तर बारावीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करता येतो, त्यात कमीपणा नाही, तोपर्यंत इथे बीएस्सीला ॲडमिशन घेऊन ठेव. फक्त तिथे शिकायला लागलीस तर तेही अर्जात सांगावं लागेल आणि काही कॉलेजं मग ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेली, म्हणून धरतात, म्हणून आधी त्यांना ईमेल करून विचार. मला परत लिही, कुठला निबंध वाचायचा असेल तर पाठव.

प्रश्न: आधी म्हणाले ऑप्शनल, आता म्हणतात परत कंपल्सरी. नक्की काय चाललंय? मुलगा दहावीत आहे. आत्तापासून क्लास लावू का, दीड लाख सांगतायत. (एक वडील, हडपसर)

उत्तर: २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रंच बंद पडली, मुलांना परीक्षा देताच येईना, म्हणून जवळजवळ सगळ्यांनी स्कोअर ऐच्छिक केला. ती सोय होती. नंतर प्रत्येकानं आपापला अनुभव बघितला. एमआयटीनं लवकरच, मार्च २०२२ मध्येच, परत सक्ती केली, कारण तिथे कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलस आणि फिजिक्स करावंच लागतं आणि स्कोअरशिवाय कोण तयार आहे ते ओळखणं त्यांना अवघड जात होतं. मग २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, कॉर्नेल, स्टॅनफर्ड, टेक्सास ऑस्टिन अशी रांगच लागली. उलट कोलंबियानं २०२३ मध्ये कायमचं ऑप्शनल जाहीर केलं आणि शिकागो विद्यापीठ तर २०१८ पासून ऑप्शनल आहे. तेव्हा सगळे एकाच दिशेनं चाललेत असं नाही, पण वरच्या कॉलेजांचा कल सक्तीकडे आहे हे खरं, आणि तुमचा मुलगा अर्ज करेल तोपर्यंत यादी आणखी बदललेली असेल. परीक्षा द्यायची आहे असं धरूनच चाला.

क्लास मात्र आत्ता नको. दहावीच्या मुलाला एसएटीचा क्लास लावून काय मिळणार, मॅथ्समधलं बरंचसं तो शाळेतच शिकतोय, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. त्याला इंग्रजी वाचायची सवय लावा, रोज अर्धा तास, त्याला आवडेल ते, क्रिकेटवरचे लेख असले तरी चालतील पण चांगल्या भाषेतले. अकरावीच्या परीक्षा झाल्या की मे किंवा जूनमध्ये पहिल्यांदा देऊ दे, वाटलं तर ऑगस्टमध्ये परत, आणि बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत हा विषय संपलेला असला पाहिजे. परीक्षेचीच फी परदेशी विद्यार्थ्यांना शंभर डॉलरच्या वर पडते, ती दोनदा धरा. दीड लाख ठेवून द्या, पुढे व्हिसा आणि तिकिटाला लागतील. आणि पासपोर्ट आत्ताच काढा.

प्रश्न: ॲडमिशनला स्कोअर लागत नाही असं लिहिलंय, मग मुलीचा १४४० न पाठवता ठेवला तर चालेल ना? तिचं प्रोफाइल एरवी खूप स्ट्राँग आहे. (बाणेर)

उत्तर: चालेल, पण का ठेवायचा? त्या कॉलेजच्या स्कॉलरशिपचं पान वेगळं उघडून बघा. कितीतरी सरकारी विद्यापीठांत ॲडमिशनला स्कोअर लागत नाही पण मेरिट स्कॉलरशिप ठरवताना बघतात, आणि १४४० वर तिथे चार वर्षं मिळून खूप मोठी रक्कम वाचू शकते. हे दोन नियम दोन वेगळ्या पानांवर असतात आणि लोक एकच वाचतात.

प्रश्न: मी शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गेल्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थी शिफारसपत्र मागायला येऊ लागलेत आणि प्राचार्यांनी काउन्सेलरचा फॉर्मही माझ्याकडेच दिलाय. आमच्याकडे रँक वगैरे काही नसते. पत्रात विद्यार्थ्याचा एसएटी स्कोअर लिहावा का? लिहिला तर वजन पडेल असं वाटतं. (एक शिक्षक)

उत्तर: सर, तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडच्या मुलांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं आणि कुणी विचारत नाही.

स्कोअर लिहू नका, विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही. त्यानं एखाद्या कॉलेजला तो न दाखवायचं ठरवलं असेल आणि तुमच्या पत्रात तो आला, तर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो पुसता येत नाही. आणि पत्र सगळ्या कॉलेजांना एकच जातं. मार्कशीटवर किंवा कॉलेजच्या माहितीपत्रकावर पण तो नको.

त्याऐवजी जे फक्त तुम्हीच सांगू शकता ते सांगा. रँक नसेल तर फॉर्ममध्ये रँक देत नाही असा पर्याय असतो, तो निवडा, अंदाजे काही लिहू नका. पण सोबत कॉलेजबद्दल एक पान जोडा, त्याला ते स्कूल प्रोफाइल म्हणतात, आणि ते पान नसल्यामुळेच आपल्या मुलांचे मार्क तिकडे कुणाला वाचता येत नाहीत. त्यात लिहा की अकरावीचे पेपर कॉलेज काढतं आणि बारावीचे बोर्ड, बोर्डाचा रिझल्ट मे महिन्यात येतो, सायन्सला किती विद्यार्थी आहेत, गेल्या वर्षी अकरावीला ९० च्या वर किती होते, ८० ते ९० मध्ये किती, आणि गेल्या वर्षीच्या बारावीच्या बोर्डात तुमच्या कॉलेजचं काय झालं. एवढ्या चार आकड्यांनी एखाद्या मुलीचे ८२ टक्के म्हणजे वर्गात पहिल्या दहात हे कळतं, आणि ज्यांचा स्कोअर बरा नाही किंवा ज्यांना तो द्यायचा नाही त्यांना तर हे पान फारच उपयोगी पडतं. एकदा बनवलं की दरवर्षी आकडे बदलायचे फक्त.

बारावीचे प्रेडिक्टेड मार्क मागतात तिथे तुमच्या प्रिलिमवरून किंवा पहिल्या टर्मवरून खरा अंदाज द्या, सगळ्यांना ९५ देऊ नका, मे मध्ये बोर्डाचा निकाल त्यांच्याकडे जातोच आणि पुढच्या बॅचला त्याचा त्रास होतो. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि शक्य असेल तर कॉलेजच्या ईमेलवरून अपलोड करा, स्वतःच्या जीमेलवरून नको. जुनी मार्कशीट मराठीत असेल तर इंग्रजी प्रत जोडून प्राचार्यांची सही घ्या. प्रोफाइलच्या पानाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, १५ ऑक्टोबरच्या आत आला तर अर्ली डेडलाइनच्या आधी वाचून परत करते.